सोया दूध मागाहून, आधी टोफू

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गाळा आहे, भांडवल 8 लाख आहे, आणि सोया दूध, टोफू, काजूचं चीज असं सगळं एकदम काढायचंय, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: पहिले सहा महिने फक्त टोफू, म्हणजे सोया दूध फाडून केलेला पनीरसारखा पदार्थ.

कोल्हापूर दूधकट्ट्यांचं गाव आहे. डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळ दूध पिणाऱ्यापुढे सोयाची बाटली ठेवली की तुलना होणार, आणि त्यात आपण हरणार. बाटलीतलं पेय टिकवायची यंत्रंही या भांडवलात बसत नाहीत. टोफूची गाठ पनीरशी पडते आणि तिथे जागा आहे. जिम, मेस, हॉटेलं इथे सुटा माल द्या.

सोयाबीन पिवळं, एकसारखं, 10-12 टक्के ओलाव्याचं घ्या. पेरणीनंतर उरलेलं बियाणं कुणी स्वस्तात देईल, पण त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. अजिबात घेऊ नका.

उन्हाळ्यात 6-8 तास, थंडीत 10-12 तास भिजवा. दाणा दोन फाकांत सोला. आतली बाजू सपाट दिसली तर भिजला, मधे खळगा दिसला तर अजून वेळ आहे. दळताना पाणी 85 अंशांवर असू द्या. गार पाण्यात दाणा फुटला की त्यातलं एन्झाइम हवेशी मिळून तो कच्चट वास तयार करतं, आणि एकदा आलेला वास नंतर उकळून जात नाही. बहुतेकांचं गिऱ्हाईक इथेच तुटतं. सुक्या किलोला एकूण 8 लिटर पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर प्रथिनं कमी उतरतात, म्हणून मऊ केलेलं पाणी वापरा.

मग 10 मिनिटं खळखळून उकळा. फेस उकळीच्या आधीच वर येतो आणि नवखा माणूस उकळी आली समजून गॅस बंद करतो. असं अर्धं शिजलेलं सोया खाल्लं की पोट बिघडतं. गाळून 75-80 अंशांवर येऊ द्या. दूध फाडायला फूड ग्रेड कॅल्शियम सल्फेट सुक्या किलोला 25 ग्रॅम, पेलाभर पाण्यात कालवून ओता, एकदा ढवळा आणि हात काढा. पंधरा मिनिटांनी वरचं पाणी स्वच्छ पिवळसर दिसलं तर जमलं, दुधाळ राहिलं तर कमी पडलं. जास्त झालं की टोफू चुरा होतो. त्याच्या जागी बांधकामाचं प्लास्टर ऑफ पॅरिस चुकूनही नको.

फाटलेलं दूध कापडात दाबून झाल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि 4 अंशांवर ठेवा. रोज पाणी बदललं तर पाचेक दिवस टिकतो. कोमट असताना पॅक केलेला माल दुसऱ्या दिवशी आंबून परत येतो.

किलो सोयाबीनला दीडेक किलो टोफू धरा. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, म्हणजे टोफूच्या किलोत सोयाबीन पस्तीसेक रुपयांचंच. निवडून घेतलेल्या मालाला थोडं जास्त पडेल. पण खरे पैसे गॅस, फ्रिज आणि परत आलेल्या मालात जातात, भाव ठरवताना तेच मोजा.

धंदा सुरू करण्याआधी एफएसएसएआयकडे (अन्न सुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नोंदणी करा. लेबलवर ‘सोया पनीर’ लिहू नका, दुधाच्या पदार्थांची नावं दुधाच्या पदार्थांनाच लावता येतात. सरळ ‘टोफू’ लिहा, ‘सोया आहे’ ही अॅलर्जीची सूचना ठळक द्या. व्हेगन (प्राण्यांपासूनचं काहीही नसलेलं) चिन्हाला वेगळी मंजुरी लागते.

आणि चोथा. सुक्या सोयाबीनच्या किलोमागे सव्वा-दीड किलो ओला चोथा निघतो, उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो. शिजलेला असल्याने जनावरांना चालतो, पण रोज सकाळी ठरल्या वेळी उचलणारा गोठेवाला लागतो. गाळ्यात पहिली मशीन येण्याआधी त्याच्याशी बोलून ठेवा.