‘मायलिन-विकृत थायरॉइड पेशी’ असं लिहिता येईल का?

नांदेडहून प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: शिव्हरर (जन्मतः मायलिनदोष असलेल्या) उंदरांच्या थायरॉइडवरचं टिपण मराठीत लिहिताना ‘मायलिन-विकृत थायरॉइड पेशी’ हा प्रयोग चालेल का? आणि ‘फॉलिकल’ला कोश म्हणावं की पुटक?

पहिला प्रयोग चालणार नाही. मायलिन हे चेतातंतूंभोवतीचं मेदयुक्त वेष्टण. मेंदूत आणि मज्जारज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी बनवतात, बाहेरच्या नसांवर श्वान पेशी (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान यांचं ते आडनाव). थायरॉइडच्या पेशींवर मायलिन नसतंच, मग विकृत काय होणार? शिव्हररमध्ये मायलिन बेसिक प्रोटीन या मायलिनमधल्या प्रथिनाच्या जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असतो. दोष उंदराचा, म्हणून विशेषणही त्यालाच लावा: ‘मायलिनदोष असलेल्या उंदरांच्या थायरॉइडची पेशीरचना’. लांबतं खरं, पण अर्थ घसरत नाही.

‘कोश’ टाळाच. हिंदी पुस्तकंही काहींच्या वाचनात असतात. त्यांत कोशिका म्हणजे आपली पेशी आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. त्यात आणखी कोश आला की वाचणारा गोंधळलाच. ‘पुटक’ बरं. मात्र पुटक म्हणजे एक पेशी नव्हे. पेशींच्या एकेरी थराची ती बंद पिशवी, आत कोलॉइड, म्हणजे थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन असलेला दाट द्रव. भिंतीतल्या त्या ‘पुटक पेशी’. पुटकांलगत कॅल्सिटोनिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींना सरळ ‘सी पेशी’ म्हणा. त्यांना ‘परावटु पेशी’ म्हटलं तर घोळ होतो, कारण थायरॉइडला अवटु म्हणतात आणि परावटु ही वेगळी ग्रंथी आहे.

वर्णनात ‘पेशी मोठ्या दिसल्या’ असं मोघम लिहू नका. चपट्या, घनाकार की स्तंभाकार ते सांगा, आणि उंची तळापासून कोलॉइडकडच्या टोकापर्यंत मोजा. टीएसएच (थायरॉइडला चेतवणारं संप्रेरक) वाढलं की पेशी उंच होतात, कोलॉइड घटतं, त्याच्या कडेला खाचा पडतात. ऊती टिकवताना कोलॉइड आक्रसूनही कडेला फट पडते. तिला ‘पोकळी’ म्हटलं तर वाचणारा ते ग्रंथीचं लक्षण समजेल. छेद (ऊतीचा पातळ काप) तिरका गेला तर एकेरी भिंतही बहुस्तरी भासते, तेव्हा ‘पेशींचे थर वाढले’ लिहिण्याआधी शेजारचे छेद पाहा.

जाता जाता: माउस आणि रॅट, दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. पहिल्या उल्लेखात ‘माउस जातीचा उंदीर’ लिहा, पुढे नुसतं ‘उंदीर’ पुरे.