कच्ची पावती, दबलेली फायबर आणि वडिलांची ई-क्लास

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): वडिलांनी २००७ साली घेतलेली मर्सिडीज ई-क्लास, डब्ल्यू-२११ मॉडेल, आता मी वापरतो. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. गाडीत ब्लूटूथ नाही, रिव्हर्स कॅमेरा नाही, म्हणून चौदा महिन्यांपूर्वी मुंबईतल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानातून अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. गाडी चार दिवस दुकानात होती. ७८ हजार दिले, ३० हजार यूपीआयने आणि बाकी रोख. कच्ची पावती मिळाली. तिच्यावर ‘वायरिंगची गॅरंटी नाही, विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. गाडी घरी आल्यापासून मागचे स्पीकर बंद आहेत, कंपनीचा अँप (ॲम्प्लिफायर) मेलाय आणि गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने एक फ्यूज काढून पाहिला, फरक पडला नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरने अँप, फायबर आणि वायरिंगचं १ लाख १२ हजारांचं कोटेशन दिलंय. दुकानदार म्हणतो, गाडीच म्हातारी, माझा संबंध नाही. जुना डेक आणि सीडी चेंजर त्याने परत दिलेच नाहीत. चेंजरमध्ये वडिलांच्या नाट्यगीतांच्या सहा सीडी होत्या. दुकानदाराचे व्हॉट्सॲप मेसेज सोबत पाठवतो. दहा लाखांची केस टाकायची आहे. आरसी आणि विमा अजून वडिलांच्याच नावावर आहेत, त्याने काही अडतं का?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मला रात्री झोप लागणार नाही ती त्या प्रश्नामुळे. त्याकडे येतोच. आधी दुकानदार.

तुम्ही पाठवलेल्या मेसेजांमध्ये एक अकरा सेकंदांची व्हॉइस नोट आहे. गाडी दुकानात असतानाची, तिसऱ्या दिवसाची. ‘साहेब, अँप बोलत नाहीये, मागे फायबर जरा दबलंय, बघतो मी.’ तुमची सगळी केस या अकरा सेकंदांत आहे, आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत.

ती एवढी मोलाची का, हे कळायला गाडीची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. ग्राहक आयोगापुढेही ती अशीच सोपी करून सांगा, कारण समोर बसलेल्या सदस्यांनी डब्ल्यू-२११ चा डॅशबोर्ड उघडलेला नसतो. या पिढीच्या गाड्यांत डेक, डिकीतला अँप, ग्लोव्ह बॉक्समधला चेंजर, फोनचं मॉड्यूल हे सगळे तांब्याच्या तारांनी नव्हे, तर प्लास्टिकच्या प्रकाशतंतूने, म्हणजे फायबरने, एकमेकांना जोडलेले असतात. लाल प्रकाश एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरून परत डेककडे येतो. हे कडं आहे. एक कडी तुटली की सगळं मुकं. आणि हा तंतू तारेसारखा दुमडता येत नाही. २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवला की प्रकाश गळायला लागतो. नवा स्टिरिओ मागे बसत नाही म्हणून कोणी तंतूची जुडी अंगठ्याने आत ढकलली, की संपलं. डेक आणि चेंजर काढले तर कडं जोडणारा छोटा लूप तरी लावावा लागतो, किंवा या गाडीसाठी बनलेला ॲडाप्टर. साध्या मारुतीवर शेकडो स्टिरिओ बसवलेल्या कारागिराला हे माहीत नसेल तर तो त्याचा दोष आहे. ‘सगळ्या लक्झरी गाड्यांचं काम करतो’ अशी पाटी लावून त्याने तुमची गाडी घेतली. ती पाटी दिसेल असा दुकानाचा फोटो आजच काढून ठेवा.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पैसे घेऊन केलेल्या कामातली उणीव, निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटी. शिवाय दुरुस्तीसाठी सोपवलेली वस्तू हा भारतीय करार कायद्यातला बेलमेंटचा व्यवहार. कलम १५१ म्हणतं की शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घ्या. त्यात आपल्या बाजूची गोष्ट अशी की वस्तू त्याच्या ताब्यात असताना बिघडली हे तुम्ही दाखवलंत, की आपण काळजी घेतली होती हे सिद्ध करायचं ओझं त्याच्या डोक्यावर जातं. व्हॉइस नोट नेमकं ते करते. बिघाड दुकानात झाला, आणि कशाने झाला तेही तोच सांगतोय.

म्हणून तो फोन जपा. मोबाइल बदलू नका, त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर आत्ता बंद करा, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आधी जे ६५-ब म्हणून ओळखलं जायचं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अक्षर-आकड्यांचा ठसा) लिहावी लागते. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेले नाहीत, तरी अपिलात कोणी बोट ठेवू नये म्हणून ते जोडाच.

‘गाडीच म्हातारी’ हा बचाव मात्र हसण्यावारी नेऊ नका. १८ वर्षांच्या गाडीत इन्सुलेशन कडक होतं, अँपमध्ये पाणी शिरतं, हे आयोगालाही पटण्यासारखं आहे. याला उत्तर आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी. स्टिरिओ बसवण्याआधीच्या शेवटच्या सर्व्हिसचं जॉब कार्ड मागवा, त्यात ऑडिओची तक्रार नसेल तर सोनं. बॅटरीचं गणितही कागदावर आणा. गाडी बंद करून, सगळी मॉड्यूल्स झोपल्यावर किती करंट जातो ते सर्व्हिस सेंटरकडून मोजून लिहून घ्या. हा आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. समजा १ अँपिअर निघाला, तर ९५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत रिकामी, आणि इंजिन सुरू व्हायचं त्याच्या बरंच आधी थांबतं. नवा स्टिरिओ सुटा केल्यावर तोच आकडा खाली आला, तर दोष कुणाचा हे सांगायला वकील लागत नाही.

पण हे मोजमाप करण्याआधी दुकानदाराला नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, की अमुक तारखेला अमुक ठिकाणी गाडी उघडणार आहोत, तुमचा माणूस पाठवा. तो येणार नाही. न येणंच आपल्या कामाचं. शक्य असेल तर परवानाधारक मोटार सर्व्हेअरला फी देऊन त्या वेळी हजर ठेवा आणि त्याचा अहवाल घ्या. कापलेल्या तारा, दबलेली फायबर, काढलेला अँप, सगळं पिशवीत घालून लेबल लावून ठेवा. लोक इथेच चुकतात. आधी गाडी दुरुस्त करून घेतात आणि मग पुरावा भंगारवाल्याकडे शोधत फिरतात. आणि तो फ्यूजवाला इलेक्ट्रिशियन लपवू नका. दुकानदाराला कळणारच आहे. इलेक्ट्रिशियनकडून एक साधं शपथपत्र घ्या की त्याने एक फ्यूज काढून परत लावला, बाकी हात लावला नाही.

तुमचा एक मेसेज तुमच्या विरोधात जातो. दुकानदाराने विचारलंय, ‘वायर कापाव्या लागतील, चालेल?’ आणि तुम्ही अंगठा पाठवलाय. ही वायर कापण्याला संमती झाली, निष्काळजीपणाला नाही. पण त्याने अँप बंद पडेल असंही तोंडी सांगितलं होतं का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे आठवा. सांगितलं असेल तर अँपची रक्कम मागताना मी हात आखडता घेईन.

कच्च्या पावतीची काळजी करू नका. बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘माल परत घेतला जाणार नाही’ हे छापलेलं वाक्यही सदोष मालाच्या बाबतीत टिकत नाही. यूपीआयची नोंद आणि रोख रकमेचा उल्लेख असलेले मेसेज पुरेसे आहेत.

डेक आणि चेंजरचं काय? दुकानदार म्हणतो ‘आमच्या लाइनमध्ये जुना माल दुकानातच राहतो.’ असा कुठलाही कायदा नाही. एक्स्चेंज म्हणून किमतीतून वजावट दिली असती तर गोष्ट वेगळी. पावतीवर तशी एक ओळही नाही. काम झाल्यावर सोपवलेली वस्तू परत करणं करार कायद्याच्या कलम १६० प्रमाणे बंधनकारक आहे, आणि न केली तर पुढच्या नुकसानीचीही जबाबदारी त्याची, कलम १६१. पोलिसांत अपहाराचा गुन्हा नोंदवायचा विचार डोक्यात असेल तर सध्या बाजूला ठेवा. ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ हेच ऐकायला मिळेल, आणि या एका बाबतीत हवालदार बहुतेक बरोबर असतो.

दहा लाख विसरा. करार कायद्याचं कलम ७३ थेट आणि स्वाभाविक नुकसान देतं, दूरचं देत नाही. ७८ हजार परत, दुरुस्तीचे १ लाख १२ हजार, टोइंगची बिलं, सर्व्हेअरची फी, डेक-चेंजरची वाजवी किंमत, मनस्तापापोटी पंचवीस-तीस हजार आणि खर्च. मी एवढंच मागेन. स्टिरिओचे पैसे मागायचे तर तो काढून परत देण्याची तयारीही लिहून द्या. फुगवलेला आकडा पाहिला की सदस्यांच्या भुवया वर जातात आणि खऱ्या आकड्याकडेही संशयाने पाहिलं जातं. त्याच कलमात नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी तुमच्यावरही आहे. म्हणून गाडी उभी असेल तेव्हा बॅटरीची कनेक्शन काढून ठेवा.

तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येईल, मुंबईला जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागायची सोय दिली. कोणत्या पातळीच्या आयोगात जायचं हे मागणीवर नव्हे, दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. जिल्ह्याची मर्यादा ५० लाख, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून पाहा. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण काही दुकानदार तेवढ्यावर नरम येतात. जबाब द्यायला सामनेवाल्याला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं की त्यापुढे एक दिवसही नाही. निकालासाठी कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत. ते वाचून तारखा ठरवू नका.

मुदत २ वर्षांची. चौदा महिने गेलेत. ‘बघतो, करतो’ असे त्याचे मेसेज येत राहिले म्हणून मुदत वाढत नाही.

स्टिरिओ बदलल्याने आरटीओ काही करेल का, असंही तुमच्या एका मेसेजमध्ये वाचलं. नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख आरसीवर नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांवर आहे. आरसीवर डेक नसतो.

आता ती झोप उडवणारी गोष्ट. मालक वारला की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने गाडी नावावर करायला अर्ज द्यायचा, असा केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ आहे. विमा पॉलिसीतही तसंच. विमाधारक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा संपेपर्यंत, जे आधी असेल तोवरच चालते. तुम्ही मात्र वडील गेल्यावर दोनदा त्यांच्याच नावाने ऑनलाइन नूतनीकरण केलंत. हयात नसलेल्या माणसाशी केलेला करार. उद्या सदोष वायरिंगने गाडीने पेट घेतला तर विमा कंपनी पहिलं बोट यावरच ठेवेल. आणि तुमच्या हातून कुणाला धडक बसली, तर भरपाईचा बोजा तुमच्या घरावर येऊ शकतो. गाडी नावावर होऊन विमा नीट होईपर्यंत रस्त्यावर आणू नका. सर्व्हिस सेंटरला न्यायची तर टोइंगने.

मृत्यू दाखला, आई आणि बहिणीचं ना-हरकत शपथपत्र (त्याही तितक्याच वारस आहेत), फॉर्म ३१, पीयूसी, आणि उशिराचा भुर्दंड. नोंदणीचं २०२२ चं नूतनीकरण वडिलांनी करून ठेवलंय, त्यामुळे २०२७ पर्यंत ती चिंता नाही. नवी पॉलिसी घेताना स्टिरिओ कंपनीने दिलेला नाही हे जाहीर करून आयएमटी-२४ चं एंडोर्समेंट (अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी पॉलिसीला जोडायची पुरवणी) घ्या. मोटार विम्याच्या टॅरिफमध्ये (दरपत्रकात) त्याला किमतीच्या ४ टक्के हप्ता होता, म्हणजे तुमच्या ७८ हजारांवर तीन हजारांच्या आसपास. बिघाड यात येत नाही, चोरी आणि आग येते.

ग्राहक तक्रारीला मात्र आरसीचा अडथळा नाही. सेवा तुम्ही घेतली, पैसे तुम्ही दिले, ग्राहक तुम्ही. तरी आई-बहिणीचं संमतिपत्र जोडा, म्हणजे डेक कुणाच्या मालकीचा हा वाद उठायला जागा राहणार नाही.

नोटिशीचा मसुदा करताना चेंजरची मागणी सगळ्यात वर घ्या, पैशांच्या आधी. सहाही सीडींची नावं आठवतील तशी लिहा, आईला विचारा. त्यांची किंमत लावू नका, ‘मूळ वस्तू परत’ एवढंच मागा. असे चेंजर बऱ्याचदा दुकानाच्या पोटमाळ्यावर पडून असतात, आणि नोटीस हातात पडल्यावर शिडी लावली जाते.