दाढेचं दुखणं आपोआप थांबलं, तरी रूट कॅनल करायचं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: खालची दाढ आठवडाभर रात्री ठणकत होती, आता चार दिवसांपासून एकदम शांत आहे, तरी डॉक्टर रूट कॅनलच सांगताहेत. ते खरंच लागतं का, करताना किती दुखतं, आणि आई म्हणते तशी दाढ काढूनच टाकली तर काय बिघडतं? मी नागपुरात दातांचा दवाखाना चालवते. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे तुमच्या दाढेचा निकाल इथे बसून देणार नाही. पण 'मॅडम, आता तं काहीच दुखत नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आधी त्याबद्दलच बोलते.

दाताच्या आत मधोमध एक पोकळी असते आणि तिच्यात नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर. कीड तिथवर पोचली की गराला सूज येते. बोट सुजलं तर फुगायला जागा असते. इथे चारी बाजूंनी कठीण भिंती. आतला दाब वाढतो आणि माणूस रात्री दोन वाजता उठून बसतो. रात्रीच जास्त का, तर आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. थंड पाणी लागल्यावर क्षणभर कळ येऊन जात असेल तर नस बहुधा वाचते, कीड साफ करून सिमेंट भरलं की भागतं. थंड गेल्यावरही ठणका अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळत असेल, गरम चहाने कळ उठत असेल किंवा काही न करता आपोआप सुरू होत असेल, तर ती नस पुन्हा बरी होण्याच्या पलीकडे गेलेली असते. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसतं.

मग एक दिवस दुखणं थांबतं, कारण दुखणं कळवणारी नसच मेलेली असते. जंतू तिथेच असतात. आत रक्तपुरवठा उरत नाही, म्हणून शरीराला त्यांच्याशी लढता येत नाही, आणि अँटिबायोटिकही तिथवर पोचत नाही. मुळाच्या टोकातून ते हाडात उतरतात. हे महिनोन् महिने मुकाट चालतं. मग हिरडीवर पुळी येते, दाबली की खारट पू निघतो, किंवा एखाद्या सकाळी गाल सुजलेला असतो. नस गेली की नाही हे डॉक्टर दाढेला थंड लावून, ठोकून आणि एक्स-रे बघून सांगू शकतात. तुमच्या डॉक्टरांनी हे केलं असेल आणि मग रूट कॅनल सांगितलं असेल, तर चार दिवसांच्या शांततेपेक्षा त्यांचं ऐका.

आता दुखण्याबद्दल. रूट कॅनलच्या ज्या भयकथा आपण ऐकतो त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या आधीच्या रात्रींच्या असतात, सांगताना लोक दोन्ही एकत्र करतात. भूल नीट लागली की जाणवतो तो दाब, मशीनचा आवाज, आणि बराच वेळ तोंड उघडं ठेवून जबड्याला येणारा शीण. तरीही 'अजिबात कळणार नाही' असं वचन मी देत नाही. नस जिवंत आणि भडकलेली असेल तर खालच्या दाढा बधिर व्हायला सगळ्यात हट्टी. ओठ जड होतो, अर्धी जीभ सुन्न होते, आणि तरी आतली नस जागी असते, कारण सुजलेल्या जागी भुलीचं औषध कमी पडतं. अशा वेळी दाढेच्या कडेला किंवा थेट नसेत आणखी थोडी भूल देतात. ती शेवटची सुई क्षणभर झोंबते. सुरुवातीलाच ठरवून घ्या, दुखलं तर डावा हात वर करायचा. आमच्याकडचे काही काका 'चालू द्या, सहन होते' म्हणून खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात. त्याने कुणाचंच काम सोपं होत नाही; दचकलेल्या जबड्यात बारीक काम करणं फार वाईट. तुमची नस खरंच मेली असेल तर पहिली सिटिंग उलट सोपी जाईल.

इंजेक्शननंतर एक-दोन मिनिटं छातीत धडधडलं तर घाबरू नका. भुलीच्या औषधात, म्हणजे लिग्नोकेनमध्ये, थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्याचा तो परिणाम. मात्र बीपी, हृदयाचा आजार, शुगर, गर्भारपण, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, यातलं काहीही असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. रूट कॅनलसाठी ती सहसा बंद करावी लागत नाही. आणि जेवून या. नंतर दोन-चार तास ओठ बधिर असतो, तेव्हा तर्री-पोहे खायला बसलात तर गाल चावला जातो आणि कळतही नाही.

करतात काय ते सांगते. दाढेवर रबराचा पातळ पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. त्यामुळे थुंकी आत जात नाही आणि बारीक हत्यारं घशात पडण्याची भीती राहत नाही. सगळेच दवाखाने तो लावत नाहीत. मला विचाराल तर डॉक्टर निवडताना मशीन किती महागडं आहे यापेक्षा हे विचारा. मग दाढेला वरून छिद्र करून आतला गर काढायचा. खालच्या पहिल्या दाढेला साधारण दोन मुळं आणि त्यांच्या आत, जिथून नस जाते त्या, तीन किंवा चार नळ्या असतात. वरच्या दाढेत चौथी नळी इतकी लपलेली असते की ती सुटली म्हणून दाढ परत दुखते, हे आम्हा सगळ्यांनी पाहिलेलं आहे. प्रत्येक नळीची लांबी एक्स-रेने आणि ओठाला क्लिप लावून विजेवर मोजणाऱ्या छोट्या यंत्राने मोजतात. ते टिक-टिक वाजतं, त्याचा शॉक बसत नाही. मग केसासारख्या बारीक फाइलींनी नळ्या आतून साफ करत थोड्या रुंद करायच्या.

खरी सफाई मात्र फाइलीने होत नाही, औषधाच्या पाण्याने होते. नळीला इतके फाटे आणि कोपरे असतात की फाइल सगळीकडे पोचतच नाही. म्हणून सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचमधलंच रसायन, पुन्हा पुन्हा आत सोडतात. स्विमिंग टँकसारखा वास येतो तो याचाच. जिभेवर आलं तर लगेच हात वर करा. शेवटी नळ्या गट्टा-पर्चाने भरतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींना याच चिकाचं वेष्टण असायचं, आणि आज तो तुमच्या जबड्यात जाणार. मला हे दरवेळी गमतीचं वाटतं, पेशंटला सहसा वाटत नाही.

एकाच सिटिंगमध्ये होतं का? नस जिवंत असेल, पू नसेल, तर बऱ्याचदा होतं. पू असेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध ठेवून आठवडा-दोन आठवड्यांनी परत बोलावतात. टिकण्याच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींत फारसा फरक आढळलेला नाही, त्यामुळे पाटीवर 'सिंगल सिटिंग' लिहिलंय एवढ्यावरून कुणी मोठा ठरत नाही.

पहिल्या सिटिंगनंतर ठणका जातो, आणि इथे दुसऱ्यांदा पेशंट गायब होतात. काटोल-नरखेडकडचे संत्र्याच्या तोडीत अडकतात, शहरातले लग्नात आणि ऑफिसात. वर भरलेलं टेम्पररी सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की थुंकी आत झिरपते आणि केलेली सगळी सफाई वाया. दोन-चार महिन्यांनी तेच पेशंट सुजलेला गाल घेऊन येतात आणि म्हणतात, रूट कॅनल करूनही दुखलं. ते झालेलंच नसतं.

सिटिंगनंतर दोन-चार दिवस चावताना दुखणं हे नेहमीचं आहे. नस काढली तरी मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो, तो दुखावलेला असतो. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. किडनीचा त्रास किंवा अल्सर असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. सूज किंवा ताप नसेल तर अँटिबायोटिकची गरज सहसा नसते, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या दोन कॅप्सूलची तर नाहीच. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं किंवा सूज आली तर फोन करा.

तिसरी पळवाट कॅपची, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपणाची. नळ्या भरून झाल्या, दुखत नाही, मग कॅपचे पैसे कशाला? नस काढल्यावर दाढ 'सुकते' म्हणून तुटते असं लोक म्हणतात. मुख्य कारण वेगळं आहे. किडीने आणि आम्ही केलेल्या छिद्राने आतून इतकी पोखरलेली असते की चावण्याचा जोर उरलेल्या भिंती पेलत नाहीत. उभी चीर मुळापर्यंत गेली तर ती दाढ काढण्याशिवाय इलाज नाही, मग सगळे पैसे पाण्यात. समोरच्या दातांना कॅप नेहमी लागतेच असं नाही. दाढेला जवळजवळ नेहमी लागते. तीही फार न रेंगाळता, काही आठवड्यांत. कॅपच्या कडेखाली पुन्हा कीड लागू शकते आणि या वेळी सांगायला नस नसते, हे लक्षात ठेवून ब्रश आणि सहा महिन्यांची तपासणी चालू ठेवा.

आईच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. दाढ हिरडीखाली तुटली असेल, मुळाला चीर असेल, किंवा हाड इतकं गेलं असेल की दाढ हलते, तर मीसुद्धा काढाच म्हणते. अक्कलदाढ असेल तर बहुतेक वेळा काढणंच शहाणपणाचं. बाकी वेळी दाढ काढणं आज स्वस्त वाटतं, पण रिकामी जागा ठेवली तर शेजारची दाढ तिकडे कलते आणि वरची खाली उतरू लागते. भरायची तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांना धरून बसवलेल्या खोट्या दातासाठी, शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, नाहीतर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, ज्याचा खर्च रूट कॅनल आणि कॅपपेक्षा बहुधा जास्तच. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हा की 'कॅप धरून ठेवण्याइतकी दाढ शिल्लक आहे का?' दुखतंय की नाही यावरून हे ठरत नाही. आणि रूट कॅनलने कॅन्सर होतो वगैरे फॉरवर्ड आला असेल तर सोडून द्या. त्याचं मूळ १९२० च्या दशकातल्या वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्याच्या प्रयोगांत आहे. पुढच्या संशोधनात ते टिकले नाहीत, पण त्या काळी त्या भीतीपोटी असंख्य चांगले दात उपटले गेले.

तुम्ही खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाता का हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण नागपुरात हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून बघा. मावत नसतील तर मागच्या दाढेपर्यंत फाइल न्यायलाच जागा नसते, आणि वाचू शकणारी दाढ निव्वळ त्यामुळे जाते. मी तिशीतल्या मुलांना हे सांगते तेव्हा ते हसतात, मग दोनच बोटं मावतात. तसं असेल तर रूट कॅनलच्या आधी तोंडाची तपासणी करून घ्या, कारण यातून पुढे कॅन्सरचा धोका असतो आणि तो फॉरवर्डमधला नव्हे.

खर्चाचा आकडा मी लिहीत नाही. भाग, डॉक्टर आणि कॅपचा प्रकार बघून तो खूप बदलतो. फक्त सांगितलेल्या रकमेत कॅप धरली आहे का, एक्स-रे धरले आहेत का, आणि कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक की झिर्कोनियाची, हे आधीच विचारून घ्या. परवडत नसेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे फी खूप कमी, काम शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली करतात. वेळ जास्त लागतो, चकरा जास्त होतात. पण ज्याला वेळ आहे आणि पैसे नाहीत त्याने दाढ काढण्याआधी तिथे जरूर दाखवावं.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत त्या बाजूने चावू नका. या दरम्यान गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर दवाखाना उघडायची वाट बघत बसू नका, रात्र असली तरी सरळ मेडिकलच्या कॅज्युअल्टीत जा.