वाचकांचे प्रश्न : आजीचे बायबल आणि पौलाचे पत्र

प्रश्न : सप्रेम सलाम. माझी आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती. खांद्याला पिशवी अडकवून ती पायी खेडोपाडी जाई, बायकांना वचन वाचून दाखवी आणि ज्यांना शिकायचे असेल त्यांना अक्षरे शिकवी. तिचे बायबल माझ्याकडे आहे. कोणत्या घरी कोणता उतारा वाचून झाला, याच्या शिसपेन्सिलीच्या खुणा त्याच्या समासात आहेत. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बहिणींनी उपदेश करावा की नाही यावर नुकतीच चर्चा झाली. तेव्हा एका वडीलजनांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ हा भाग वाचला आणि विषय तिथेच मिटला. मग आजीने आयुष्यभर जे केले ते शास्त्राविरुद्ध होते का?

उत्तर : नव्हते. आपल्या मंडळीतील वडीलजनांनी वाचलेले वचन पौलाच्या पत्रात आहे आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. परंतु ते वचन ज्या पत्रात आहे, ते पत्र सबंध वाचायला हवे. वाचला गेलेला भाग चौदाव्या अध्यायातला आहे. त्याच्या तीनच अध्याय आधी, अकराव्या अध्यायात, प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे की नाही याची पौल सविस्तर चर्चा करतो. स्त्रीने मंडळीत तोंड उघडायचेच नसते, तर बोलताना डोक्यावर पदर असावा की नसावा, हा प्रश्न त्याला पडलाच नसता.

चौदाव्या अध्यायाचा विषयही स्त्रिया हा नाही. उपासनेत एकाच वेळी अनेकांनी बोलू नये, सारे व्यवस्थित व क्रमाने व्हावे, हा त्याचा विषय आहे. तिथे ‘गप्प राहावे’ या अर्थाचे एकच ग्रीक क्रियापद तीन वेळा येते. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावे, दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर आधीच्या संदेष्ट्याने गप्प राहावे, आणि तिसऱ्यांदा ते स्त्रियांना उद्देशून येते. पहिल्या दोघांना आपण कायमचे गप्प बसवले नाही. तिसऱ्या वेळीच हा शब्द आजन्म बंदीसारखा का वाचला जातो, हे त्या वडीलजनांना नम्रपणे, पण अवश्य विचारावे. काही प्राचीन हस्तलिखितांत ही दोन वचने अध्यायाच्या अगदी शेवटी आढळतात, आणि त्यावरून ती मूळ पत्राचा भाग नसावीत असे मानणारे अभ्यासकही आहेत. मात्र तेवढ्यावर सगळी भिस्त ठेवण्याची मला गरज वाटत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीने शिकवू नये असे आहे. ते वचन अधिक कठीण आहे आणि त्याच्या अर्थाविषयी प्रामाणिक श्रद्धावंतांमध्ये आजही मतभेद आहेत, हेही मी लपवणार नाही.

पण त्याच पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय शांतपणे वाचा. तो नुसत्या सलामांचा अध्याय आहे, म्हणून आपण तो घाईने उलटतो. त्याची सुरुवातच किंख्रिया येथील मंडळीच्या फिबीच्या शिफारशीने होते. तिच्यासाठी वापरलेला ‘दियाकोनोस’ हा ग्रीक शब्द पौल स्वतःसाठी आणि अपुल्लोस या उपदेशकासाठीही वापरतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात तोच शब्द मंडळीतील अधिकाराच्या पदासाठी येतो. मराठीत आपण फिबीला ‘सेविका’ म्हणतो आणि त्या शब्दासरशी आपल्या डोळ्यांपुढे पाणी भरणारी, चटया घालणारी बाई उभी राहते, हा दोष फिबीचा नव्हे. हे पत्र रोमला घेऊन जाणारी तीच असावी, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. पुढे प्रिस्का आपल्या नवऱ्याच्या आधी नावाने येते, आणि प्रेषितांमध्ये नावाजलेल्या म्हणून अंद्रोनीकाबरोबर यूनिया या स्त्रीचा उल्लेख होतो.

आता आजींविषयी. आपल्याकडे पुरुष उपदेशकांना ओटीच्या पुढे पाऊल टाकता येत नसे, तेव्हा माजघरापर्यंत वचन नेले ते बायबलबायांनी. त्यांच्यात अनेक विधवा होत्या. मिशनकडून तुटपुंजा पगार मिळे, आणि मिशनच्या अहवालांत पुष्कळदा त्यांची नुसती संख्या छापली जाई. शहाण्णव कुळांचा, सोवळ्या-ओवळ्याचा आणि घरच्या पुरुषांच्या रागाचा अडथळा ओलांडून त्या चुलीजवळ बसत. नगरमध्ये मुलींच्या शिक्षणाची वाट सिंथिया फरार यांच्यासारख्या अविवाहित अमेरिकन स्त्रीने १९व्या शतकाच्या पूर्वार्धात रुळवली. १८२७ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांचे नाव निदान पुस्तकांत आले आहे. आपल्या आजींसारख्यांची नावे कुठेच नाहीत, म्हणून एक विनंती करते. समासातल्या त्या पेन्सिलीच्या खुणा पुसट होण्याआधी पानापानाचे फोटो काढा, आणि कोणत्या वचनापाशी कोणती खूण आहे हे एका वहीत उतरवा. मंडळीत पुन्हा ही चर्चा निघेल तेव्हा ती वही सोबत न्या.

प्रश्न : मग्दालीया मरीया ही वेश्या होती आणि प्रभूने तिला क्षमा केली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आता काही जण म्हणतात की बायबलमध्ये तसे कुठेच नाही. खरे काय?

उत्तर : बायबलमध्ये तसे कुठेही नाही. लूकच्या सातव्या अध्यायात एका पापी स्त्रीची कथा आहे, पण तिचे नाव दिलेले नाही. मरीयेचे नाव पुढच्या अध्यायात येते, तेही निराळ्या संदर्भात : तिच्यातून सात भुते निघाली होती, आणि हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना व इतर अनेकींबरोबर ती स्वतःच्या पैशातून येशू व शिष्यांचा खर्च चालवत होती. पोप पहिले ग्रेगरी यांनी इ. स. ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात या दोघी आणि बेथानीची मरीया यांना एकच व्यक्ती मानले, आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात तीच समजूत चित्रांतून, कथांतून रुजली. पौर्वात्य मंडळींनी ती कधी स्वीकारली नाही. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये उपासनेच्या दिनदर्शिकेत हा घोटाळा दूर केला आणि २०१६ मध्ये २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. जिने पुनरुत्थानाची बातमी सर्वांत आधी सांगितली, तिच्या पदरी शतकानुशतके नसलेले पाप बांधले गेले, याचे मला फार वाईट वाटते. लूक तर असेही लिहितो की कबरेवरून परतलेल्या या स्त्रियांचे बोलणे प्रेषितांना वायफळ वाटले.

प्रश्न : आमच्याकडे नेहमी म्हटले जाते की नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको ख्रिस्ती झाली. मग अशा स्त्रीची श्रद्धा तिची स्वतःची कशी म्हणायची?

उत्तर : या प्रश्नाला लक्ष्मीबाई टिळकांइतके चांगले उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले मला ठाऊक नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांनी आकांत केला, काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि पतीबरोबर पुन्हा राहू लागल्यावरही आपले सोवळे सांभाळत राहिल्या. ज्या घरात वडील बाजारातून आलेले जिन्नसही धुऊन घ्यायला लावत, त्या घरची ही लेक होती. जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नव्हे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले, आणि बाप्तिस्म्याआधीच त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरवले. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा क्रम ध्यानात ठेवावा. चुलीपाशी, घागरीपाशी निर्णय आधी झाला, आणि चर्चमधला विधी मागाहून आला.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या उलट आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेताना त्या विधवा होत्या आणि पदरी लहानगी मनोरमा होती. कोणा नवऱ्याच्या मागून जाण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र त्यांच्या धर्मगुरूंची अपेक्षा होती की आता त्यांनी सांगितलेले सारे निमूट मानावे. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उत्तर दिले की आपल्या आईने किंवा आपण पुरुषांना शिकवण्याला आपल्या वडिलांची अथवा पतीची कधी हरकत नव्हती, आणि इंग्रज लोकांची असावी याचे आश्चर्य वाटते. मायदेशीच्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता दुसरे तसेच जू घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी इंग्लंडमधल्या मठवासिनी सिस्टर जेराल्डीन यांना १८८५ मध्ये कळवले. पहिल्या प्रश्नातील वडीलजनांना हा पत्रव्यवहार वाचायला द्यावा, असे मला मनापासून वाटते.

पुढे दौंड तालुक्यातील केडगावला, निराधार स्त्रियांसाठी त्यांनीच उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. रूढ भाषांतराची भाषा त्यांना अति संस्कृतप्रचुर वाटे. ज्या बाईने शाळेची पायरी चढली नाही तिला ऐकताक्षणी कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. हे काम चालू असतानाच, १९२१ मध्ये, मनोरमा गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. मुक्तीच्या छापखान्यातच त्याची छपाई झाली, आणि ज्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले त्यांतल्या कित्येकींनी अक्षरओळख तिथेच करून घेतली होती.