आमचं आडनाव तांबट. मूळ गाव आणि वंशावळ नाशिकमध्ये कुठे शोधावी?

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या (तिथल्या पुरोहितांच्या) नामावळीपासून, म्हणजे घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्यांपासून सुरुवात करा. पाच-सहा पिढ्या तिथेच हाती लागू शकतात. पण जाताना नुसतं आडनाव सांगून भागत नाही, वह्या गावावर आणि जातीवर लावलेल्या असतात. म्हणून आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मूळ गाव, कुलदैवत आणि आजोबा-पणजोबांची नावं लिहून घ्या, मग आपल्या गावाचे उपाध्याय कोण ते पंचवटीत विचारा. अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेला माणूस भाऊ, मुलं, वडील, आजोबा सगळ्यांची नावं लिहून खाली सही करतो. मी आमची नोंद अशीच काढली. पणजोबांची मोडी लिपीतली सही बघताना बोट आपोआप त्या शाईवरून फिरलं. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा वाचणारा सोबत न्या.

त्यानंतर तहसील कार्यालयातली कोतवाल बुकं (जन्म-मृत्यूच्या नोंदी) आणि आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही) बघा. तिथे आडनाव सापडलं नाही तर थांबू नका. जुन्या नोंदीत बहुधा ‘अमुक बिन तमुक’ एवढंच असतं, बिन म्हणजे ‘चा मुलगा’, आणि पुढे जात म्हणून ‘तांबट’.

एक मात्र ध्यानात ठेवा: तांबट हे धंद्यावरून पडलेलं नाव. जुन्या नाशकात तांबट लेन आहे म्हणून सगळे तांबट तिथले किंवा एकाच कुळातले ठरत नाहीत. गाव आणि कुलदैवत दोन्ही जुळल्याशिवाय दोन घराणी जोडू नका.