कायद्याचं विचारा: ‘ड्रिंक अँड ड्राइव्ह’मध्ये पहिल्यांदाच सापडल्यावर

प्रश्न: नाकाबंदीत धाकट्या भावाला फुंकायला लावलं, आकडा ६८ आला. अपघात नाही, कुणाला लागलं नाही. लायसन्स घेऊन पावती दिली आणि कोर्टाची तारीख मिळाली. ओळखीचा एजंट म्हणतो, ‘दहा हजार भरले की सुटला.’ खरं आहे का?

उत्तर: एजंटाचं गणित हेल्मेटच्या चलनाचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा पोलिसांना दंड घेऊन जागेवर मिटवता येत नाही. तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातोच. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, त्यामुळे ६८ हा काठावरचा आकडा नव्हे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ‘दोन हजारांपर्यंत’ असं न राहता सरळ दहा हजार झाले, तेव्हा रकमेत घासाघीस नाही. गुन्हा जामीनपात्र आहे.

पण खरा फटका लायसन्सला बसतो, आणि तोही दोन बाजूंनी. पोलिसांनी घेतलेलं लायसन्स आरटीओकडे जातं. तिथे भावाचं म्हणणं ऐकून पहिल्या गुन्ह्यासाठी ते तीन महिने निलंबित करता येतं. कोर्टाची गोष्ट वेगळी. तिथे दोषी ठरला, तर कलम २० प्रमाणे किमान सहा महिने गाडी चालवायला मनाई करावीच लागते. म्हणून ‘कबूल आहे’ म्हणून पाच मिनिटांत मोकळं होण्याआधी एकदा वकिलाशी बोला. ती कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढे कधीही सापडला तर तो ‘दुसरा गुन्हा’ धरला जाईल: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पूर्वी मधे तीन वर्षं गेली की हा वाढीव हिशेब लागत नसे. ती सवलत आता गेली.

हातातली पावती म्हणजे लायसन्स नव्हे, हे भावाला दोनदा सांगा. तिच्यावर गाडी चालवता येत नाही. अपात्र ठरवल्यावर चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा वेगळा.

वकिलाकडे जाताना मशीनच्या चिठ्ठीची प्रत न्या. तिच्यावरची वेळ, आकडा आणि सही नीट पाहा. अटक झाली असेल तर अटकेची वेळ आणि डॉक्टरी तपासणीची वेळ यांत दोन तासांपेक्षा जास्त अंतर आहे का, तेही बघा. दोन तासांत तपासणी झाली नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. त्याने गुन्हा आपोआप पुसला जात नाही, पण वकिलाला ते कामाचं असतं.

प्रश्न: फुंकायलाच नकार दिला तर?

उत्तर: आणखी अडकाल. गणवेशातल्या पोलिसाला सबळ संशय असेल तर चाचणी मागता येते. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो. माउथवॉशने नुकतीच चूळ भरली असेल तर तोंडातल्या अल्कोहोलने आकडा फुगतो. तेव्हा तसं तिथेच सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा. नळी नवी लावली का, तेही पाहून घ्या.

प्रश्न: गाडी हलवलीच नव्हती, नुसती किल्ली फिरवली होती. तरी गुन्हा?

उत्तर: होऊ शकतो. कलमात ‘चालवण्याचा प्रयत्न’ हेही शब्द आहेत. मागच्या सीटवर झोपला असाल तर गोष्ट निराळी. आणि ठोकली असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर फार भिस्त ठेवू नका. नशेत चालवलेल्या गाडीचा तो दावा पॉलिसीच्या अटींतच बाद असतो.