निवृत्तीनंतर घरचे काहीच करू देत नाहीत. खरे सक्रिय वार्धक्य कसे असते?

निवृत्त झाल्यापासून मुले आपल्याला बाजारातही जाऊ देत नाहीत आणि दुसरीकडे वर्तमानपत्रांत मॅरेथॉन धावणारे आजोबा झळकतात, तेव्हा आपण नेमके कसे जगावे, असे आपण विचारले आहे. मी 77 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे आणि हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

माझ्या लहानपणी साठी उलटली की जपमाळ घेऊन ओसरीवर बसावे, अशीच अपेक्षा असे. महर्षी कर्वे 1929 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, परदेश दौऱ्यावर निघाले आणि 1936 मध्ये त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था उभारली; पण तो थोरामोठ्यांचा अपवाद मानला गेला. आजच्या नव्या प्रतिमेविषयीही मला शंका आहे. बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावणाऱ्या लता करे यांचे सर्वांनी कौतुक केले, परंतु त्या पतीच्या उपचारांच्या पैशांसाठी धावल्या होत्या, ही गोष्ट त्या कौतुकात मागे पडते. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी 2016 च्या महिला दिनी सुरू झालेली आजीबाईंची शाळा मला अधिक मोलाची वाटते. कष्ट त्या आज्यांना नवे नव्हतेच. आयुष्यभर राबल्यानंतर केवळ स्वतःसाठी पाटी हाती घेण्याची मोकळीक मात्र त्यांना प्रथमच मिळाली.

माझे गुडघे दुखतात, त्यामुळे धावणे माझ्या वाट्याला नाही. शेजारच्या मुलींना मी गणित शिकवते, आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत झाल्यामुळे बहिणीकडे जाण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. केव्हा निघायचे आणि केव्हा परतायचे हे मी ठरवते, आणि माझ्या दृष्टीने सक्रियतेचा गाभा तोच आहे.

मुलांची भीती खोटी नाही, कारण या वयातले पडणे महागात पडते. म्हणून न्हाणीघरात आधाराची दांडी बसवावी, जिन्यात दिवा लावावा, चष्म्याचा नंबर वेळेवर तपासून घ्यावा. आणि हे झाल्यावर भाजी आणण्याचे किंवा बँकेचे काम, त्यातल्या निर्णयांसह, पूर्णपणे आपल्याकडे मागून घ्यावे.